मित्रांचे ‘कधीतरी’ आणि समाजाची जबाबदारी

‘एकदा सगळे मिळून काहीतरी करू या’ हे वाक्य जिथे कधीच उच्चारले गेले नाही अशी मित्रमंडळी सापडणे कठीण. कुणाला नाटक बसवायचे असते, कुणाला अंक काढायचा असतो, कुणाला गाणे रचायचे असते. बेत ठरतो, चहा संपतो, मंडळी उठतात. आणि पुढे नोकरी, बदली, प्रपंच, आजारपण यांच्या रेट्याखाली तो बेत ‘कधीतरी’ या शब्दाच्या अडगळीत जाऊन पडतो. वर्षे लोटतात. मग एखाद्या दिवशी, फार थोड्यांच्या बाबतीत, ते काम खरोखरच पुरे होते. त्या आनंदाची जातच वेगळी असते. त्यात कमाई नसते, बढती नसते, कुणा वरिष्ठाची शाबासकी नसते. आपण एकत्र बसलो आणि जे नव्हते ते निर्माण केले, एवढेच समाधान त्यात असते.

आजच्या तरुणांमध्ये हा बेत अनेकदा एका विशिष्ट रूपात दिसतो. लहानपणी मनात भरलेला एखादा संगणकीय खेळ असतो, त्यातली एखादी धून असते. त्या धुनेवर दोघातिघांनी मिळून एक इलेक्ट्रॉनिक रचना बांधायची. एकाने ताल उभा करायचा, दुसऱ्याने स्वरांचे थर चढवायचे, तिसऱ्याने शब्द लिहायचे किंवा गायचे. मजुरी, जमीन, महागाई या प्रश्नांत रात्रंदिवस गुंतलेल्या आपल्या कार्यकर्त्यांना हा विषय फुटकळ वाटण्याचा संभव आहे. पोरांचा छंद, त्यावर साप्ताहिकाची पाने कशाला खर्ची घालायची, असा प्रश्न कुणी केला तर तो अनाठायी म्हणता येणार नाही. तरीही माझे म्हणणे असे की, मित्रांचे ‘कधीतरी’ प्रत्यक्षात उतरते तेव्हा त्यामागे केवळ त्यांची चिकाटी नसते. त्यामागे रिकामा वेळ असतो, एकत्र येण्याची जागा व तारीख असते, आणि दुसऱ्याच्या धुनेला हात लावू देणारा कायदा किंवा निदान मालकाचा कानाडोळा असतो. या तिन्ही गोष्टी बाजार आपण होऊन देत नाही. म्हणून हा प्रश्न आपला आहे.

हा प्रकार जगभर चालतो. परंतु त्याचे सर्वांत व्यापक आणि संघटित रूप पाहायचे तर जपानकडे वळावे लागते. तेथील एक उदाहरण सविस्तर सांगण्याजोगे आहे. ‘झुन’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या एका विद्यार्थ्याने १९९० च्या दशकात ‘तोहो’ या नावाची खेळांची मालिका घरच्या संगणकावर रचण्यास आरंभ केला. त्यांतील संगीतही त्याचेच. १९९८ च्या ‘लोटस लँड स्टोरी’ या खेळात ‘बॅड ॲपल’ नावाची एक छोटी धून होती. त्या काळच्या संगणकाच्या ध्वनियंत्रणेतून निघणारी, किरट्या आवाजाची. पुढे २००७ साली मासायोशी मिनोशिमा या हौशी संगीतकाराने तिच्यावर नृत्यतालाची नवी रचना बांधली, हारुका हिने शब्द लिहिले आणि नोमिको हिने ते गायिले. मूळ कर्त्याने ही धून त्यांना नेमून दिली नव्हती. त्यांना ती आवडली होती, एवढाच त्यांचा अधिकार.

गोष्ट इथेच थांबली नाही. २००८ साली ‘निको निको डोगा’ या जपानी चित्रफीत-स्थळावर एका रसिकाने या गाण्यासाठी चित्रे कशी असावीत याचा एक कच्चा आराखडा मांडला आणि हे काम कुणीतरी पुढे न्यावे असे सुचवले. आपल्या हातून होणार नाही, पण व्हावे, अशी ही इच्छा; ‘कधीतरी’चाच हा जाहीर अवतार. ऑक्टोबर २००९ मध्ये ‘अनिरा’ हे नाव घेतलेल्या दुसऱ्या एका रसिकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते काम पुरे केले. सुमारे साडेतीन मिनिटांची, केवळ काळ्या-पांढऱ्या सावल्यांची ती चित्रफीत आज जगभर ओळखीची आहे. एकाची धून, दुसऱ्याचा ताल, तिसरीचे शब्द, चौथीचा कंठ, पाचव्याचा आराखडा आणि आणखी काही जणांची चित्रे. अकरा वर्षांच्या अवधीत हे सगळे एकावर एक रचले गेले, आणि त्या साखळीतला कुणीही कुणाचा पगारी नोकर नव्हता.

हे कसे शक्य झाले? पहिले उत्तर सहज सुचते ते यंत्राचे. १९६० च्या दशकात मूगसारखी इलेक्ट्रॉनिक वाद्ये विद्यापीठांच्या आणि मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आवाक्यातली होती. १९८३ साली वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना परस्परांशी जोडणारी ‘मिडी’ ही सामाईक संकेतपद्धती आली. तिच्या उभारणीत पुढाकार घेणारे जपानचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांना तिच्यावर स्वामित्वशुल्क लावता आले असते. ते लावले गेले नाही. एक भाषा सर्वांसाठी मोकळी राहिली आणि तिच्या आधारावर घरगुती संगणक हेच वाद्य बनले. आज ‘ऑडॅसिटी’सारखी मुक्त आज्ञावली विनामूल्य मिळते. उत्पादनाची साधने श्रमिकाच्या हाती यावीत हे आपले जुने मागणे, निदान संगीताच्या या कोपऱ्यात बरेचसे खरे झाले आहे.

परंतु साधने हाती आली म्हणून काम पुरे होते असे नाही. ज्यांच्याकडे संगणक आहे, आज्ञावली आहे, कान आहे आणि मित्रही आहेत, अशा असंख्य लोकांची रचना अर्धी राहून जाते. तालाचे सोळा ठोके बसवले जातात, एक स्वरावली ध्वनिमुद्रित होते, मग ‘बाकीचे पुढच्या रविवारी’ असे म्हणून ती फाइल बंद होते. यंत्राने खर्च वाचवला. माणसांना एकत्र आणण्याचे काम यंत्राला करता आले नाही. ते काम संघटनेने केले. आणि या ठिकाणी आपल्या वाचकांना अपरिचित, पण अत्यंत जिव्हाळ्याचा वाटावा असा एक इतिहास सांगितला पाहिजे.

जपानमध्ये अशा हौशी गटाला ‘सर्कल’ म्हणतात. हा शब्द आज खेळांच्या आणि चित्रकथांच्या चाहत्यांच्या तोंडी आहे. पण तो त्यांनी घडवलेला नाही. १९३१ साली कुराहारा कोरेहितो या मार्क्सवादी समीक्षकाने सोव्हिएत कामगारांच्या सांस्कृतिक गटांचा दाखला देऊन तो जपानच्या श्रमिक सांस्कृतिक चळवळीत आणला. कारखान्याकारखान्यांत वाचनाचे, कवितेचे, नाटकाचे, गायनाचे छोटे गट उभारावेत अशी ती कल्पना होती. लष्करी राजवटीने ती चिरडली. महायुद्धानंतर मात्र ती दुप्पट जोमाने उगवली. १९४८ पासून सेकी आकिको यांच्या प्रेरणेने कामगारांच्या समूहगायनाची चळवळ फोफावली. १९५८ साली क्युशू बेटावरील चिकुहोच्या कोळसाखाणींच्या मुलखात तानिगावा गान, मोरिसाकी काझुए, उएनो एइशिन यांनी ‘सर्कल-मुरा’, म्हणजे ‘सर्कलांचे गाव’, नावाचे नियतकालिक सुरू केले. खाणकामगारांच्या आणि इतर श्रमिकांच्या लेखन-गटांना एकमेकांशी जोडणे हा त्याचा हेतू होता. खाणी बंद पडत गेल्या, चळवळ ओसरली. तरी शब्द राहिला. विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या मंडळांतून तो चाहत्यांच्या गटांपर्यंत पोहोचला. नृत्यताल रचणाऱ्या आजच्या तरुणाला त्याचे मूळ बहुधा ठाऊक नसेल. आणि त्याने राजकीय वारसा चालवला आहे असा दावा करणे खोटेपणाचे होईल. परंतु समान आवडीच्या माणसांनी नोकरीच्या वेळेबाहेर जमून, स्वतःच्या खर्चाने, एकत्रित निर्मिती करायची ही रीत तीच आहे.

या रीतीला एक घर मिळाले ते २१ डिसेंबर १९७५ रोजी. त्या दिवशी तोक्योमध्ये ‘कॉमिक मार्केट’ ऊर्फ ‘कोमिकेट’चे पहिले संमेलन भरले, ३२ सर्कल आणि सुमारे ७०० माणसे. हौशी चित्रकथा हा त्याचा आरंभीचा विषय. पुढे खेळ आणि संगीत यांनाही तिथे जागा मिळाली. २०१९ च्या डिसेंबरअखेरच्या चार दिवसांच्या संमेलनाला सुमारे साडेसात लाख लोक आले. तिथला एक दंडक आपल्या सभा-संमेलनांच्या भिंतीवर लावण्याजोगा आहे: इथे ‘ग्राहक’ कुणी नाही. टेबलामागे बसलेला, टेबलापुढे उभा असलेला आणि रांग सांभाळणारा स्वयंसेवक, तिघेही ‘सहभागी’च. तोहोच्या नव्या धुनांवर रचलेल्या तबकड्या याच टेबलांवरून, रचणाऱ्यांच्या हातून ऐकणाऱ्यांच्या हाती जातात. दरम्यान कुणी दलाल नसतो.

आता मित्रांच्या ‘कधीतरी’कडे परत येऊ. टेबल मिळावे म्हणून सर्कलला कित्येक महिने आधी अर्ज करावा लागतो. जागेपेक्षा अर्ज अधिक, म्हणून सोडत निघते. टेबल मिळाले की तारीख ठरली. मग तबकडी छापणाऱ्याची मुदत, मुखपृष्ठाच्या चित्राची मुदत, गायिकेच्या सुटीचा दिवस, असे मागे मागे मोजत यावे लागते. ‘पुढच्या रविवारी’ म्हणायची सोय उरत नाही. जे काम तीन मित्रांच्या इच्छाशक्तीने तीन वर्षांत झाले नसते, ते तारखेच्या धाकाने तीन महिन्यांत होते. ही तारीख धंद्याने लादलेली नसते, ती सर्वांनी मिळून मानलेली असते. पक्षाच्या शाखेत काम केलेल्या कोणालाही यातले मर्म वेगळे सांगायला नको. मेळाव्याची तारीख जाहीर झाल्याखेरीज आपल्या पत्रकांचा मजकूरही कधी वेळेवर लिहून झालेला नाही!

या संमेलनाच्या तारखांत आणखी एक अर्थ दडला आहे. ते वर्षातून दोनदा भरते: ऑगस्टच्या मध्यास, पितरांच्या ‘ओबोन’ सणाच्या सुमारास, आणि डिसेंबरच्या अखेरीस. जपानी नोकरदाराला सलग सुटी मिळते ती मुख्यतः याच दिवसांत. म्हणजे ही सारी अद्भुत निर्मिती कॅलेंडरातल्या दोन खाचांत बसवलेली आहे. ज्या देशात अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूला ‘कारोशी’ असा स्वतंत्र शब्द करावा लागला, तिथे याचे नवल नाही. ज्यादा कामाच्या तासांना दंडाच्या भयाने बांधणारी मर्यादा तिथे आली ती २०१८ च्या कायद्याने, आणि अंमल सुरू झाला एप्रिल २०१९ पासून: एरवी महिन्याला ४५ व वर्षाला ३६० तास, विशेष परिस्थितीत वर्षाला ७२० तास. विशेष परिस्थितीचे ते ७२० तास म्हणजे आठ-आठ तासांचे ९० दिवस. एका गाण्याला किती संध्याकाळी लागतात, आणि अशा किती संध्याकाळी कंपनीच्या हिशेबात जमा होतात, हे ज्याचे त्याने मोजावे.

आपल्याकडे तरी काय निराळे आहे? गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या कित्येक वर्षांच्या झगड्यानंतर. त्या रविवारावर मुंबईची भजनी मंडळे, तमाशाचे फड, कामगार रंगभूमी आणि व्यायामशाळा उभ्या राहिल्या. आज उलट दिशेने पावले पडत आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. ज्यादा कामाचा मोबदला मिळेल, असे त्याचे समर्थन केले जाते. मोबदला मिळेलही, पण बारा तास उभे राहून आलेल्या माणसाला मित्राच्या खोलीवर जाऊन ताल बसवण्याचे त्राण कोण देणार? कामाच्या तासांच्या लढ्याला आपण नेहमी आरोग्याच्या आणि मजुरीच्या भाषेत मांडतो. तो निर्मितीच्या हक्काचाही लढा आहे, हे सांगायला आपण कचरतो. आठ तास काम, आठ तास विश्रांती, आणि उरलेले आठ तास आपल्या मर्जीचे. त्या तिसऱ्या आठ तासांत माणूस काय करतो, याची कसोटी अशा गाण्यांत लागते.

वेळ मिळाला, तारीख मिळाली, गाणे झाले. ते कुणाचे? इथे सर्वांत अवघड गाठ आहे. तोहोच्या कर्त्याने काही अटींवर आपल्या धुनांवर नव्या रचना करण्यास चाहत्यांना मुभा दिली आहे आणि त्याच मुभेवर हे सगळे विश्व उभे आहे. दुसरे उदाहरण ‘हात्सुने मिकू’चे. साप्पोरोच्या क्रिप्टन कंपनीने ३१ ऑगस्ट २००७ रोजी यामाहाच्या तंत्रावर आधारलेला हा संगणकीय गळा विक्रीस आणला. ज्याला गाणारा मित्र मिळत नव्हता त्याला गायिका मिळाली. हौशी गीतांचा पूर लोटला. त्याच डिसेंबरात अशा एका लोकप्रिय गीताची नोंद ‘जासराक’ या शुल्क वसूल करणाऱ्या संस्थेकडे झाल्याचे उघडकीस आले आणि चाहत्यांत खळबळ माजली. कारण उघड होते. आज जे गाणे कुणीही उचलून त्यावर चित्र काढीत होता, दुसरा ताल चढवीत होता, त्याला उद्या कुंपण पडले तर साखळीच तुटणार. त्याच महिन्यात क्रिप्टनने बिगरनफा वापरास मोकळीक देणारी व्यवस्था उभी केली. कंपनी समंजस निघाली, ही चांगली गोष्ट. परंतु समंजस मालक असणे आणि हक्क असणे यांत अंतर आहे. मालक बदलतो, वारस बदलतात, कंपनी विकली जाते. मुभा मागे घेता येते.

याचा अनुभव जपानी चाहत्यांनी दुसऱ्यांदा घेतला तो पॅसिफिक व्यापार कराराच्या वेळी. जपानच्या कायद्यात स्वामित्वभंगाचा खटला साधारणपणे मालकाच्या तक्रारीवाचून चालत नसे; मालक गप्प बसला तर सरकारही गप्प. या मौनाच्या सावलीतच सर्कले वाढली होती. कराराच्या वाटाघाटीत तक्रारीशिवाय खटला चालवण्याची तरतूद पुढे आली आणि कोमिकेटच्या भवितव्याबद्दल चिंता पसरली. हौशी आणि व्यावसायिक कलावंतांनी मिळून आवाज उठवला. ३० डिसेंबर २०१८ रोजी कायदा बदलला तेव्हा ती तरतूद नफ्यासाठी केलेल्या, जशाच्या तशा नकलेपुरती व मालकाचे अवाजवी नुकसान होईल अशा बाबींपुरती आखडली गेली. चाहत्यांच्या नवरचना तिच्यातून वाचल्या. मात्र त्याच बदलाने स्वामित्वाची मुदत कर्त्याच्या मृत्यूनंतर ५० वर्षांवरून ७० वर्षांवर नेली. संघटितपणे जेवढे ओरडता आले तेवढे राखता आले, बाकीचे गेले. यातून जो धडा घ्यायचा तो घ्यावा.

आणि जागेचे काय? जून २०२४ मध्ये निको निकोच्या यंत्रणेवर सायबर हल्ला झाला आणि ते स्थळ ऑगस्टच्या आरंभापर्यंत बंद राहिले. सतरा वर्षांचा सामाईक ठेवा एका कंपनीच्या तळघरात असतो, तेव्हा त्याला ‘सामाईक’ म्हणणे कितपत बरोबर, हा प्रश्न त्या दोन महिन्यांनी उभा केला. साधने आपल्या हाती आली, पण चव्हाटा परक्याच्या मालकीचा राहिला, तर निम्मीच लढाई जिंकली असे समजावे.

काही साथी इथे आक्षेप घेतील, आणि तो आक्षेप हलका नाही. हे सारे चाहतेपण म्हणजे अखेर कंपनीच्या मालाची फुकट जाहिरात नव्हे काय? वस्तुस्थिती अशी की, २०११ च्या अखेरीस गूगलने आपल्या न्याहाळकाच्या जपानी जाहिरातीत याच मिकूला आणि तिच्याभोवती घडलेल्या हौशी निर्मितीच्या कहाणीलाच उभे केले. हजारोंनी फुकट घडवलेल्या प्रतिमेचा मोबदला हजारोंना मिळत नाही, हे खरे. पण याच न्यायाने लोकगीते टाकाऊ ठरतील, कारण तीही चित्रपटवाल्यांनी उचलली. चोराने घरातली वस्तू नेली म्हणून वस्तू घडवणे थांबवायचे नसते. शिवाय चाहता केवळ उपभोक्ता असतो तेव्हा तो विकत घेतो आणि गप्प बसतो. जेव्हा तो धुनेचे सांधे सुटे करून नव्याने जुळवतो, मित्राशी तालावरून भांडतो, त्याच्यासाठी आपला आवडता तुकडा सोडून देतो, तेव्हा त्याने उपभोक्त्याची जागा सोडलेली असते. सामुदायिक श्रमाचे शिक्षण त्याला व्याख्यानांतून मिळाले नसते. ते त्याला त्या एका गाण्याने दिले.

मराठी माणसाला तर ही रीत परकी वाटण्याचे कारणच नाही. लोकांच्या तोंडी असलेली चाल घ्यायची आणि तिच्यावर आपले शब्द बसवायचे, यावर आपल्या जलशांचा आणि कलापथकांचा संसार चालला. लोककवी वामनदादा कर्डक यांच्या रचनेचा आरंभच एका हिंदी चित्रपटगीताच्या विडंबनाने झाला. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या तीन मित्रांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले, ते काही सर्व साधने जुळून आल्यावर नव्हे. आज त्या वाटेने जाणाऱ्या तिघा मित्रांना मात्र आधी कायद्याचे पुस्तक उघडावे लागेल. १९५७ च्या स्वामित्व कायद्यानुसार धुनेचे रूपांतर करण्याचा अधिकार मालकाचा. २०१२ च्या दुरुस्तीने जुन्या गाण्याच्या नव्या ध्वनिमुद्रणाला वाट ठेवली आहे. पण ती पाच वर्षे उलटल्यावर, मूळ रचनेत विनाकारण बदल न करता, आणि सर्वसाधारणपणे वर्षाला किमान ५०,००० प्रतींचे शुल्क आगाऊ भरून! पन्नास मित्रांना ऐकवायचे गाणे आणि पन्नास हजारांचे शुल्क. हा कायदा कंपनीसाठी लिहिला गेला आहे, मित्रांसाठी नव्हे.

दुसरी वाट अशक्य नाही. कॅनडाने २०१२ सालीच आपल्या कायद्यात एक कलम घातले: विनानफा हेतूने, शक्य तिथे मूळ कर्त्याचे नाव देऊन, आणि त्याच्या बाजाराला मोठा धक्का न लावता सामान्य नागरिकाने केलेली नवरचना स्वामित्वभंग मानली जाणार नाही. मूळ कर्त्याचा घास यात हिरावला जात नाही. चाहत्याचा हातही बांधला जात नाही. अशा कलमाची मागणी आपल्या खासदारांनी संसदेत करावी, आणि लेखक-कलावंतांच्या संघटनांनी तिला पाठिंबा द्यावा. कामाच्या तासांविरुद्धच्या आंदोलनाच्या मागणीपत्रात, मजुरीच्या मागण्यांखाली का होईना, ‘मोकळा वेळ’ हा शब्द लिहिला जावा.

आणि एक गोष्ट आपल्या हातची आहे. तिला कायदाही लागत नाही आणि निधीही फारसा लागत नाही. आपल्या कामगार संघटनांची कार्यालये, वाचनालये, शाखांचे दिवाणखाने रात्री आठनंतर कुलूपबंद असतात. महिन्यातला एक रविवार ठरवावा. दोन जुने संगणक, एक ध्वनिक्षेपक, एक टेबल ठेवावे. आणि वर्षातून एक दिवस जाहीर करावा की, त्या दिवशी परिसरातल्या तरुणांनी जे रचले असेल ते ऐकायला आम्ही सगळे येऊ. त्यांनी काय रचावे हे आपण सांगू नये. खेळातली धून असेल, चित्रपटातली असेल, आपल्याला तिचा गोंगाटही वाटेल. आपण तारीख द्यावी, जागा द्यावी, आणि ऐकायला बसावे.

‘कधीतरी’ हा शब्द आळशी माणसांनी शोधला असे आपण समजतो. तो थकलेल्या माणसांनी शोधला आहे. त्यांना तारीख देणारी, जागा देणारी आणि संध्याकाळ परत मिळवून देणारी संघटना भेटली, तर तो शब्द त्यांच्या तोंडून आपोआप गळून पडेल.